नोंदी राखणाऱ्याचा दिवस

सकाळी साडेसहा

दिवसाचं पहिलं काम घरूनच होतं. पेणकरपाड्यातले काही गाळे, एक दवाखाना, एक वाचनालय आणि दोन-तीन सोसायट्या यांच्या नोंदींची छोटी सॉफ्टवेअरं मी करून देतो आणि पुढेही सांभाळतो. प्रत्येकाच्या डेटाबेसची एक प्रत मध्यरात्रीनंतर आपोआप निघते आणि पासवर्डचं कुलूप लागून माझ्याकडच्या डिस्कवर येते. प्रत आली एवढ्यावर मी थांबत नाही. ती कोऱ्या जागेत उतरवतो, डेटाबेसला स्वतःची तपासणी करायला सांगतो, आणि ‘ओके’ आलं की शेवटचं चलन कितव्या नंबरचं आहे ते पाहतो. काल संध्याकाळी गाळ्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नंबराशी ते जुळलं की पुढचा ग्राहक.

ही सवय मी सगळ्यांच्या गळी उतरवतो, आणि त्यासाठी ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट सांगतो. गिटलॅब या जगभरच्या प्रोग्रामरांच्या कंपनीत रात्री उशिरा एका अभियंत्याने डेटाबेसचं फोल्डर पुसलं, ते चुकीच्या सर्व्हरवर. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी तिथे होत्या. त्यांच्या पोस्टग्रेस या डेटाबेसची रोज निघणारी प्रत निघतच नव्हती, कारण प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा. तो रोज नापास होत होता आणि तसं कळवणारे ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत सापडली म्हणून बाकीचं वाचलं. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. एवढ्या तयारीच्या माणसांकडे हे घडतं, तर आपल्या गाळ्यात प्रत रोज उघडून बघायलाच हवी.

सव्वाआठ

दहिसर चेकनाका ओलांडला की मुंबईची हद्द संपते आणि मीरा-भाईंदरची लागते. पेणकरपाडा या वेशीलगतच आहे. हायवेवर ट्रकची रांग, आत वळलं की गाळ्यांच्या ओळी, त्यांना खेटून चाळी आणि मागे उंच इमारती. शटर वर जाण्याची हीच वेळ. इथे दहा-पंधरा माणसांवर चालणारे कारखाने खूप आहेत. संगणकावर लाखभर रुपये घालणं त्यांना परवडत नाही, आणि नोंदी नसणं तर त्याहून परवडत नाही.

नऊ

पहिला मुक्काम बफिंग-पॉलिशच्या गाळ्यात. मोठ्या कारखान्यांकडून स्टीलचे नग येतात, इथे पॉलिश होऊन परत जातात. आवक, जावक, नग, वजन, घट, रिजेक्ट असे सहा आकडे सांभाळले की धंदा सांभाळला गेला. मोटारींचा आवाज इतका, की सुपरवायझर ताई आकडे बोटांनी दाखवतात.

यांचा सगळा हिशेब एका फाइलीत आहे. एस्क्यूलाइट नावाचा डेटाबेस म्हणजे खरोखर डिस्कवरची एकच फाइल. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. बसवायला काही नाही, चालू-बंद करायला काही नाही. त्याचा जन्म मला फार आवडतो. अमेरिकन नौदलाच्या ‘ऑस्कर ऑस्टिन’ या विनाशिकेसाठी रिचर्ड हिप सॉफ्टवेअर लिहीत होते. जहाजाला इजा झाली तर कोणती झडप बंद करायची, हे ते सांगणार होतं. मागचा डेटाबेस सर्व्हर बंद असला की हे सॉफ्टवेअर हात वर करायचं, आणि ऐन संकटात तसं होऊन चालणार नव्हतं. मध्ये सर्व्हरच नको, थेट डिस्कवरून वाचू, हा विचार तिथून निघाला आणि २००० साली पहिली आवृत्ती आली. हिप यांनी त्यावरचा मालकी हक्क पूर्ण सोडून दिला आहे. कुणीही घ्यावं, बदलावं, विकावं. आज तुमच्या खिशातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये ते आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोपसुद्धा फोनवर याच प्रकारच्या फाइलीत राहतात.

गाळेवाल्यांना मी एकच प्रश्न विचारतो: एका क्षणी लिहिणारे हात किती? वाचणारे कितीही असू देत. एस्क्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो, पण ते लिहिणं क्षणाच्या अगदी छोट्या भागात उरकतं. दिवसाला लाखाच्या आत भेटी असणारी वेबसाइटसुद्धा त्यावर निभावते असं ते बनवणारेच सांगतात. इथे तर गेटवर एक ताई आणि तिचं चलनबुक.

एक्सेल चालत नाही का, असं शेठनी सुरुवातीला विचारलं होतं. काही काळ चालतंही. पण शून्याने सुरू होणारा कोड टाकला की शून्य गळतं, ३-४ असा साइज लिहिला की त्याची तारीख होते, आणि एका रकान्यावरून क्रमवारी लावताना शेजारचा रकाना निवडायचा राहिला की नग एकाचे आणि वजन दुसऱ्याचं. नोंदीला नियम लागतात, ते डेटाबेसमध्ये असतात. तेही मागून घ्यावे लागतात, हे मात्र खरं. एस्क्यूलाइट मुळात फार सोशिक आहे. वजनाच्या रकान्यात ‘अंदाजे १२’ लिहिलं तरी ते ठेवून घेतं. नोव्हेंबर २०२१ च्या आवृत्तीपासून तक्ता ‘स्ट्रिक्ट’ करता येतो. मग असला मजकूर ते परत पाठवतं. तसंच यादीत नसलेल्या पार्टीच्या नावे चलन फाडू नये ही तपासणी दर वेळी जोडणी करताना चालू करावी लागते. या दोन गोष्टी केल्या नाहीत तर वर्षभराने आकड्यांवर कुणाचा विश्वास राहत नाही.

आज शेठना वेगळीच काळजी आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत गेला नाही, तर पाठवणाऱ्याने तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरलं जातं. त्यामुळे बड्या पार्ट्या दर महिन्याला विचारतात, आमचं काय काय शिल्लक आहे? ज्या चलनांना दहा महिने झालेत आणि जावक आवकपेक्षा कमी आहे, ती सगळी मला चार ओळींच्या प्रश्नात मिळतात. ताईंनी यादी काढली आणि रॅकच्या मागच्या बाजूला राहिलेले दोन क्रेट शोधून काढले. वजन केलं, जुळलं. शेठचा चेहरा सैल झाला.

याच कायद्यात हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायला सांगितलं आहे. सहा वर्षांत संगणक बदलतो, विंडोज बदलतं, सॉफ्टवेअर करून देणारा माणूससुद्धा बदलतो. फाइल उघडली पाहिजे. एस्क्यूलाइटवाल्यांनी २०५० पर्यंत हे सॉफ्टवेअर सांभाळायचं जाहीर केलं आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहिती दीर्घकाळ जपण्यासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत त्याचा समावेश केला आहे. पेणकरपाड्यातल्या गाळ्याला याहून जास्त भरवसा कुठलं विकतचं सॉफ्टवेअर देईल, मला माहीत नाही.

साडेअकरा

दवाखान्यात डॉक्टरबाईंकडे दोन संगणक आहेत. एक बाहेर रिसेप्शनला, एक केबिनमध्ये. आधीच्या माणसाने डेटाबेसची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली होती आणि दोन्हीकडून ती उघडली जायची. असं कधीही करू नये. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाइलीची कुलपं नीट लागतीलच असं नसतं. दोघांना एकाच वेळी वाटतं की लिहायची पाळी आपली. इथे तसंच होऊन काही पेशंटची जुनी पानं खराब झाली होती.

आता फाइल एकाच यंत्रावर आहे आणि तिच्याशी बोलणारा प्रोग्रामही त्याच यंत्रावर. दोन्ही संगणक ब्राउझरमधून त्या प्रोग्रामशी बोलतात. आज मात्र डॉक्टरबाई म्हणाल्या, “काशिमीऱ्याला दुसरं क्लिनिक काढतेय. तिथलाही पेशंट इथे दिसला पाहिजे.” म्हणजे लिहिणारे हात वाढणार, आणि तेही दोन ठिकाणांहून. इथे मी एस्क्यूलाइटचा हट्ट धरत नाही. पोस्टग्रेस घ्यायचं.

पोस्टग्रेसही मोफत आहे आणि त्याचा परवाना अतिशय मोकळा आहे. त्याचं मूळ १९८६ साली बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात आहे. आपल्या माणसांचा हातही त्यात आहे, हे मी डॉक्टरबाईंना मुद्दाम सांगितलं. पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ बदलली की जुनी पुसली जात नाही. नवी आवृत्ती लिहिली जाते आणि जुनी नंतर साफ होते. पूर्वी अशा प्रत्येक बदलाला त्या तक्त्याच्या सगळ्या सूचींमध्येही (इंडेक्समध्ये) नवी नोंद पडायची, मग सूचीत असलेला मजकूर बदललेला असो वा नसो. फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीत हे टळलं. सूचीतला मजकूर तोच असेल आणि त्याच पानावर जागा असेल तर सूचीला हात न लावता ओळ बदलता येऊ लागली. त्या कामात पुढे होते पवन देवलसी, पुण्यात काम करणारे. आता दवाखान्याचं बघा: पेशंट ‘बसलाय’, ‘आत गेला’, ‘झालं’, ‘औषध दिलं’. एकाच ओळीची स्थिती दिवसभर बदलत राहते, नाव आणि फोन नंबर तसेच. त्या कामाचा फायदा नेमका इथे मिळतो.

पोस्टग्रेसला मात्र सांभाळणारा माणूस लागतो. मोठी आवृत्ती बदलताना डेटा नीट हलवावा लागतो, प्रत काढणारा प्रोग्राम निदान सर्व्हरइतका तरी नवा असावा लागतो. हे खर्चाच्या कागदावर मी स्पष्ट लिहिलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, सॉफ्टवेअर फुकट ना? हो. देखभालीचं मोल आहे.

दीड

जेवण चहावाल्याच्या बाकावर, डबा घरचा. शेजारी मोल्डिंगच्या गाळ्याचे मालक बसले होते. त्यांचं सॉफ्टवेअर एका मोठ्या कंपनीच्या फुकट आवृत्तीवर चालतं आणि ते अडायला लागलंय.

फुकट आणि मुक्त यांत फरक आहे, आणि तो अशा वेळीच कळतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची ‘एक्सप्रेस’ आवृत्ती वर्षानुवर्षं एका डेटाबेसला १० जीबीपर्यंत फुकट होती. २०२५ च्या आवृत्तीत ती मर्यादा ५० जीबी झाली. छोट्या धंद्याला ती पुष्कळ आहे, पण मर्यादा ठरवणारा दुसरा आहे. मायएसक्यूएलची गोष्ट याच्या उलट. स्वीडनमध्ये १९९५ साली मायकेल विडेनियस आणि त्यांच्या सोबत्यांनी ते काढलं, मुक्त परवान्याखाली वाढवलं. २००८ मध्ये सन कंपनीने ते विकत घेतलं, २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. परवाना मुक्त असल्यामुळे विडेनियस यांना तोच कोड उचलून २००९ मध्ये मारियाडीबी सुरू करता आलं. दोन्ही नावं त्यांच्या मुलींवरून: मोठीचं नाव माय, धाकटीचं मारिया. कंपनी विकली गेली तरी ज्यांच्या वेबसाइट त्यावर होत्या त्यांना पर्याय उरला. वर्डप्रेसवरची कुठलीही मराठी वेबसाइट या दोहोंपैकी एकावर चालत असण्याची शक्यता दाट आहे.

मोल्डिंगवाल्यांची फाइल किती मोठी झालीय ते बघायला उद्या जातो म्हटलं. बहुतेक वेळा त्यात सामानाचे फोटो भरलेले असतात. ते बाहेर फोल्डरमध्ये ठेवले तर प्रश्न सुटतो.

अडीच

लाइट गेली. बफिंगच्या मोटारी थांबल्या आणि अचानक माणसांचे आवाज ऐकू यायला लागले.

यासाठीच गाळ्यात यूपीएस आहे. डेटाबेसची खरी परीक्षा अशाच वेळी होते. एस्क्यूलाइट असो की पोस्टग्रेस, नोंद एक तर पूर्ण होते, नाही तर झालीच नाही असं धरून मागे घेतली जाते. आवक लिहिली गेली आणि साठा वाढला नाही, असं अर्धवट राहत नाही. बदल आधी वेगळ्या फाइलीत टिपून ठेवायचा आणि मग मुख्य फाइलीला हात लावायचा, ही त्यामागची रीत. तिचा सगळा भार डिस्कच्या खरेपणावर असतो. ‘लिहिलं’ असं डिस्कने सांगितलं तर ते खरंच लिहिलेलं असावं. स्वस्त पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं इथे खोटं बोलतात. म्हणून रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक सर्व्हर म्हणून वापरायचा असेल तर मी डेटा मेमरी कार्डावर ठेवत नाही, चांगली एसएसडी लावतो. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

दुसरी तेवढीच महत्त्वाची गोष्ट. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून बॅकअप होत नाही. कॉपी अर्ध्यात असताना कुणी चलन फाडलं तर फाइलीचा पहिला भाग जुना आणि शेवटचा नवा. शिवाय ताज्या नोंदी कित्येकदा शेजारच्या ‘वॉल’ फाइलीत असतात, ती मागे राहिली तर त्याही गेल्या. यासाठी एस्क्यूलाइटमध्येच ‘बॅकअप’ आणि ‘व्हॅक्यूम इंटू’ अशा आज्ञा आहेत. दुकान चालू असताना त्या सलग, निरोगी प्रत काढून देतात.

चार

वाचनालय. इथे मी थोडा जास्त वेळ देतो, कारण इथला प्रश्न फक्त आपला आहे आणि तो आपणच सोडवायचा आहे.

ग्रंथपाल बाईंनी सभासदांची यादी अकारविल्हे छापली. त्यात काळे आधी, काशीद आणि कासार नंतर. त्यांनी लाल पेनाने गोल केला होता. त्यांचं बरोबर. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्याही नंतर येतो. युनिकोडच्या क्रमात तो ल आणि व यांच्यामध्ये बसवलेला आहे. डेटाबेसला वेगळं काही सांगितलं नसेल तर तो याच संकेतांकांप्रमाणे रांग लावतो. क्ष आणि ज्ञ यांचीही हीच अडचण: यंत्राच्या लेखी ते क आणि ज ने सुरू होणारे साधे जोडाक्षर. पोस्टग्रेसला आणि एस्क्यूलाइटलाही आयसीयू नावाची मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररी जोडून भाषेप्रमाणे क्रम लावायची सोय आहे. छोट्या वाचनालयासाठी मी सोपा मार्ग घेतला. प्रत्येक नावासोबत क्रमासाठी एक वेगळा लपलेला रकाना ठेवला, त्यात आपल्या वर्णमालेप्रमाणे आकडे भरले आणि यादी त्यावरून लावली. काळे आता कासारांच्या मागे गेले.

मग कुऱ्हाडे. एक सभासद आहेत, पण शोधलं तर सापडत नाहीत. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी. आत मात्र एकाने ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावला होता, दुसऱ्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकलं होतं. माणसाला एकच दिसतं, यंत्राला दोन. असं दिसलं की नोंद आत जातानाच सगळी रूपं एका रूपात आणायची आणि शोधायला टाकलेला शब्दही तसाच धुऊन घ्यायचा. दत्तात्रय-दत्तात्रेय, श्री-सौ. हे त्यानंतरचे प्रश्न. ते यंत्रावर सोडू नयेत, ग्रंथपाल बाईंना विचारून ठरवावेत. त्यांना प्रत्येक सभासद चेहऱ्यानिशी माहीत आहे.

जुन्या यादीत काही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत. ते मायएसक्यूएलच्या जुन्या काळचं. २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत त्याची मूळ लिपी-सेटिंग युरोपीय अक्षरांची होती. देवनागरी टाकलं आणि कुणी सेटिंग बदललं नसलं की अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह लिहिलं जायचं. ती नावं आता कुठल्याही तंत्राने परत येत नाहीत. ग्रंथपाल बाई जुनं जाड रजिस्टर काढून ती हाताने भरताहेत. मी शेजारी बसून नंबर वाचून दाखवले.

सहा

गॅरेजवाल्या भाऊंचा फोन: “घरून हिशेब दिसला पाहिजे. सर्व्हर इंटरनेटवर टाक ना.” याला मी ठाम नाही म्हणतो. २०१७ च्या जानेवारीत पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे ठेवलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. कुणी कुलूप फोडलं नव्हतं; दार उघडंच होतं. पोस्टग्रेसचं ५४३२ नंबरचं दार बाहेरच्या जगाला कधीच दिसू नये. भाऊंच्या फोनवर वायरगार्ड हे मोफत व्हीपीएन घालून दिलं की त्यांचा फोन गॅरेजच्याच नेटवर्कमध्ये आल्यासारखा होतो, आणि बाकीच्यांना तिथे सर्व्हर आहे हेही कळत नाही. उद्या संध्याकाळी येतो म्हटलं.

सात

पुन्हा बफिंगचा गाळा. इथलं शेवटचं काम माझ्या दृष्टीने दिवसातलं सर्वांत मोलाचं.

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाणी पडलं. त्या दिवसाची आठवण या पट्ट्यातल्या प्रत्येक जुन्या गाळेवाल्याकडे आहे. भिजलेली चलनबुकं कशी उन्हात वाळत घातली ते शेठ अजून सांगतात. म्हणून एक प्रत गाळ्यात, एक त्यांच्या घरी आणि एक माझ्याकडे. पण तिन्ही प्रती असूनही मी नसेन तर? म्हणून एक कागद करून ठेवला आहे. फाइल कुठे आहे, तिचं नाव काय, पासवर्डाचं पाकीट कुणाकडे आहे, कुठला मोफत प्रोग्राम उतरवायचा, प्रत कशी उघडायची. मराठीत, मोठ्या अक्षरांत.

आज सुपरवायझर ताईंची परीक्षा होती. जुना लॅपटॉप, त्यात आमचं सॉफ्टवेअर नाही, इंटरनेट बंद. शेठच्या घरून आणलेली डिस्क आणि तो कागद त्यांच्या हातात दिला आणि मी खुर्ची मागे सरकवली. कॉलेजात संगणक शिकणारा त्यांचा भाऊही आला होता. त्याच्या हातात सिल्बरशात्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचं डेटाबेसचं जाड पाठ्यपुस्तक होतं. त्यातले सुदर्शन पवईच्या आयआयटीतले, हे ऐकून त्याने मुखपृष्ठ पुन्हा पाहिलं. बहिणीला मदत करायला तो पुढे झाला तेव्हा ताईंनीच हात आडवा केला.

प्रोग्राम पेनड्राइव्हवरून उतरवला, पाकीट फोडून पासवर्ड टाकला, प्रत उघडली. तपासणी केली: ओके. मग त्यांनी सर्वांत शेवटचं चलन काढलं आणि भिंतीवरच्या चलनबुकातल्या कालच्या शेवटच्या पानाशी ताडून पाहिलं. नंबर तोच, नग तेच, वजनात ग्रॅमचाही फरक नाही. त्यांनी कागदाखाली तारीख घालून सही केली, पाकिटाला नवी चिकटपट्टी लावली. रात्रपाळीचा टेम्पो लागला होता, त्यातला माल वजनकाट्यावर घ्यायला त्या निघून गेल्या. पुढच्या महिन्यात हेच दवाखान्याच्या रिसेप्शनिस्टकडून करून घ्यायचं, पोस्टग्रेसच्या प्रतीवर. तिच्यासाठीचा कागद आज रात्री लिहायला घेतो.